माँटेसरी आणि अंगणवाडी : दोन सख्ख्या बहिणी

गेल्या शनिवारी दादाच्या लेकीचा ॲडमिशनचा फॉर्म भरायला बसलो होतो. (घरात एक आयटीवाला असला की जगातले सगळे ऑनलाइन फॉर्म त्यानेच भरायचे असा नियमच आहे!) पोरगी तीन वर्षांची. शाळेच्या नावातच माँटेसरी. फीचा आकडा बघितला आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या फीची आठवण झाली. वहिनी म्हणाली, "अरे, पहिली पाच-सहा वर्षंच तर महत्त्वाची असतात." आता यात खोटं काय आहे? काहीच नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेव्हा फरशी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा नातू पण एवढाच आहे की ताई. अंगणवाडीत जातो. खिचडी खातो नि येतो." सगळे हसलो. मीही हसलो. आणि मग दिवसभर ते हसणं कुठेतरी टोचत राहिलं. दोन पोरं, वय एकच, घरांत अंतर दीड किलोमीटर. त्यातल्या एकाचीच पहिली पाच वर्षं महत्त्वाची?

रविवारी आईच्या कपाटातून अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' काढलं, इकडचं तिकडचं आणखी वाचलं, आणि थक्क झालो. कारण माँटेसरी आणि अंगणवाडी या खरं तर सख्ख्या बहिणी आहेत. एक श्रीमंताघरी पडली, एक गरिबाघरी. आणि गंमत म्हणजे थोरली जन्मली तीही गरिबाघरीच!

ती गोष्ट रोमची. 6 जानेवारी 1907. सान लोरेन्झो नावाची कामगारांची गरीब वस्ती. एका बांधकाम कंपनीने तिथल्या चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं भिंती, जिने खराब करायची. म्हणून त्यांना एका खोलीत सांभाळायला कोणीतरी हवं होतं, बस्स. हे काम आलं मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंकडे. याआधी त्यांनी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसोबत काम केलं होतं. या मुलांना त्यांनी हाताळायला वस्तू दिल्या, स्वतःच्या चुका स्वतः सुधारू दिल्या, आणि मधे मधे बोलायचं टाळलं. 'ढ' ठरलेली ही पोरं बघता बघता लिहू-वाचू लागली. जगभरचे लोक बघायला यायला लागले.

आणि मग व्हायचं तेच झालं. पद्धत गाजली, साधनांचे संच तयार झाले (तो गुलाबी मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरं वगैरे), प्रशिक्षणाचे कोर्स आले, आणि सगळ्याला किंमत आली. ज्यांच्या मुलांवर प्रयोग झाला त्यांना ती परवडेना.

आपल्याकडे हे वारं आलं ते गुजरातमार्गे. भावनगरला गिजुभाई बधेका या वकील माणसाने 1920 मध्ये बालमंदिर काढलं. पुढे त्यांच्या कामात मुंबईच्या पदवीधर ताराबाई मोडक सामील झाल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. 1939 मध्ये खुद्द माँटेसरीबाई भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अडकून 1946 पर्यंत इथेच राहिल्या. त्यांच्या हाताखाली शेकडो शिक्षक तयार झाले. पण मुलं कोणाची शिकत होती? बहुतेक शहरातल्या, शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतली.

ताराबाईंना हेच खुपत होतं. 1945 मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. (तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर.) सोबत अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते सांगायला नको. त्या मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या.

आता 1945 साल आणि हा परिसर, हे दोन्ही लक्षात घ्या. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. जमिनी सावकार-जमीनदारांच्या ताब्यात. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायको दोघंही त्याचे वेठबिगार, आणि तेही जवळजवळ जन्मभर. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणायचे. याच साली, याच पट्ट्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. म्हणजे एकीकडे आईबाप वेठ मोडायला उभे राहिलेले, आणि दुसरीकडे दोन बाया त्यांच्या पोरांसाठी बालवाडी मांडून बसलेल्या.

बालवाडी सुरू झाली, पण पाड्यावरची पोरं काही येईनात. कशी येणार? मोठं भावंड धाकट्याला कडेवर घेऊन सांभाळणार, त्याहून मोठं गुरं चारायला जाणार. अंगावर धड कपडा नाही, पोटात काही नाही. शाळेची भाषा वेगळी, आणि गावातल्या बऱ्या घरच्या पोरांशेजारी बसायचीच भीती.

इथे मी जरा थांबलो. समजा, आपण एखादं सॉफ्टवेअर बनवलं आणि युजर ते वापरेनाच, तर आपण काय म्हणतो? "युजरला ट्रेनिंगची गरज आहे." शंभर वर्षं शाळाही हेच म्हणत आल्या होत्या: या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, त्यांच्या जातीतच नाही ते. ताराबाईंनी नेमकं उलटं केलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात जाईल. शब्दशः. पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात वर्ग भरायला लागला. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. ही 'अंगणवाडी'. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक थेट कुरणात जायचे, ती 'कुरणशाळा'. महागडी साधनं परवडत नाहीत? मग बिया, खडे, शिंपले, पानं, काड्या, माती. मोजायला चिंचोके काही वाईट नसतात हो! पाया माँटेसरीचाच, फक्त सामान जंगलातलं.

1957 मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं: धाकट्याला पाळणाघरात ठेवलं तरच त्याला सांभाळणारी ताई शाळेत बसू शकते. एका पोराचं शिक्षण दुसऱ्याच्या पाळण्याशी बांधलेलं असतं, हे कुठल्या पुस्तकात वाचून नाही, अंगणात बसून कळतं. 1973 मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई 1992 पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, तेच काम करत राहिल्या.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आधी देशातल्या फक्त 33 गटांत. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभरात 13 लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, वजन, गरोदर बायकांची नोंद, सगळं तिथे. याने लाखो पोरं जगली, हे विसरून चालणार नाही. पण या सगळ्या रजिस्टरांच्या ढिगाऱ्यात बोर्डीचं शिकवणं बऱ्याच ठिकाणी मागे पडलं. सेविकेला 'सेविका'च म्हणतात आणि पगाराला 'मानधन'. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा हक्क सहा वर्षांनंतर सुरू होतो. 2020 च्या धोरणाने तीन ते सहा वयाला शाळेच्या रचनेत घेतलं खरं, पण धोरण आणि कायदेशीर हक्क यात फरक असतो.

म्हणजे बघा, माझ्या पुतणीला आणि मावशींच्या नातवाला मुळात एकाच विचाराची शाळा मिळाली आहे. एकीकडे त्यातलं शिकणं शिल्लक राहिलं, दुसरीकडे खिचडी. आणि मग पंधरा वर्षांनी आपण म्हणणार, मेरिट बघा, बाकी काही बघू नका. ज्या शर्यतीत एकाला तिसऱ्या वर्षापासून कोच असतो तिच्या निकालाला मी आजवर माझी स्वतःची हुशारी समजत आलो. माझ्या बालवाडीत लाकडी ठोकळे होते आणि घरी गोष्टी सांगणारी आजी होती, हे माझ्या रेझ्युमेत कुठेच लिहिलेलं नाही.

असो. फॉर्म भरला, सबमिट केला. पुतणी जाईल त्या शाळेत, जावंच. सोमवारी मावशींना विचारलं, अंगणवाडीच्या बाई कशा आहेत? म्हणाल्या, "चांगल्या आहेत. पण एकट्या किती करतील? दिवसभर लिहीतच असतात." पुढच्या शनिवारी नातवाला सोडायच्या वेळी त्यांच्यासोबत जाणार आहे. जाऊन नक्की काय करणार, ते मलाही अजून माहीत नाही. चिंचोक्यांची पिशवी मात्र आईकडून मागून ठेवली आहे.