पाठीवरचें बिऱ्हाड

“विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर” ही म्हण आपण बहुधा थट्टेनें वापरतों. परंतु ज्याला कामाकरितां घर सोडून उघड्यावर राहावें लागतें, त्याच्या दृष्टीनें त्या म्हणींत एक खरा प्रश्न आहे. बरोबर न्यावयाचा आडोसा केवढा असावा, आणि तो वाहावयाचा कोणीं? फिनलंड, कॅनडा यांसारख्या शीत देशांत गोठलेल्या सरोवरावर भोंक पाडून मासे धरणारे लोक लहानसा तंबू बर्फावरून ओढीत नेतात. तंबू भक्कम घेतला तर वारा अडतो. पण मासा दुसरीकडे गेला म्हणजे तो हलवितां हलवत नाहीं. हलका घेतला तर जागा चटकन् बदलतां येते. पण वादळांत तो टिकेल कीं नाहीं, ही धास्ती राहते. आमच्या सह्याद्रींतलीं तळीं गोठत नाहींत. तथापि हाच हिशेब येथें मोठमोठ्या राज्यांना करावा लागला आहे, आणि त्याचीं परस्परविरुद्ध उत्तरें नसरापूरच्या पश्चिमेस पसरलेल्या डोंगराळ मुलखांत एकापुढें एक मांडलेलीं सांपडतात.

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना उजव्या हातास वळलें म्हणजे शिवगंगेच्या खोऱ्यांतील नसरापूर लागतें. तेथून पुढें वेल्ह्याची वाट, आणि त्या वाटेवर राजगड व तोरणा. या मावळांतल्या शेतकऱ्यानें आपल्यापुरतें उत्तर फार पूर्वींच शोधून काढलेलें आहे. तें म्हणजे इरलें आणि घोंगडी. बांबूच्या कामट्यांचा खोलगट सांगाडा करून त्यांत पानें दाबून बसविलीं कीं इरलें झालें. डोक्यापासून पाठीखालपर्यंत तें अंग झांकतें, आणि दोन्ही हात मोकळे राहिल्यामुळें भर पावसांत ओणवें होऊन भाताची लावणी करतां येते. घोंगडीची गोष्टहि तशीच. चिंचोक्याची खळ दिलेली दाट लोंकरी घोंगडी दिवसा खोळ, रात्रीं अंथरूण, आणि प्रसंगीं दोन काठ्यांवर टाकलेलें छप्पर होते. या दोहोंचा विशेष हा कीं जो त्यांच्याखालीं राहतो, तोच त्यांचें ओझें वाहतो. त्यामुळें तें ओझें कधींहि प्रमाणाबाहेर वाढत नाहीं.

शिवछत्रपतींच्या लष्करी व्यवस्थेच्या मुळाशीं हेंच तत्त्व दिसतें. सुमारें पंचवीस वर्षें त्यांची राजधानी राजगडावर होती, आणि त्यांचे पहिले सोबती याच खोऱ्यांतले होते. कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत लष्कराचा वार्षिक क्रम सांगितला आहे. पावसाळ्यांत फौजेनें आपल्या मुलखांत छावणी करावी, दसऱ्यास बाहेर पडावें, आठ महिने परमुलखांत काढावे, आणि वैशाखांत परत यावें. लष्करांत बायका, बटकी, कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. या क्रमाकडे आडोशाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांतलें मर्म कळतें. ज्या चार महिन्यांत माणसाला आणि घोड्याला खरें छप्पर लागतें, ते महिने घरीं काढावयाचे; मग उरलेल्या आठांत जड डेऱ्यांची गरजच काय? अर्थात् छावणींतलीं छपरेंहि बिनधोक नव्हतीं. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाकडील जुमलेदारांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत चुलीची ठिणगी, तंबाखूसाठीं घेतलेला विस्तव आणि उंदरानें ओढून नेलेली पेटती वात यांपासून गवताला आग लागेल, असा तपशीलवार इशारा महाराजांनीं दिला आहे.

यावरून महाराजांना भपकेदार तंबूची किंमत कळत नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. १६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानाच्या भेटीसाठीं त्यांनीं जो शामियाना उभारविला, त्याच्या थाटाचें वर्णन बखरकारांनीं आवर्जून केलें आहे. तो राहण्यासाठीं नव्हताच. पाहुण्याला जें पाहण्याची संवय होती, तेंच त्याच्यापुढें मांडलें होतें.

याच्या उलट उत्तर मोंगलांचें. अबुल फजलानें ‘आईन‑इ‑अकबरी’ ग्रंथांत बादशाही फरासखान्याचें वर्णन केलें आहे. एका मुक्कामाचें सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. त्यांत शामियाने होते, दुमजली डेरे होते, आणि दहा खांबांवर उभी राहणारी लांकडी ‘रावटी’ही होती. हाच शब्द मराठींत राहुटी होऊन आला तो उतरत्या बाजूंचा बेताचा तंबू या अर्थानें. लांकूड गेलें, खांब गेले, कापड तेवढें राहिलें! औरंगजेबाबरोबर काश्मीरपर्यंत प्रवास केलेल्या बर्निए नांवाच्या फ्रेंच वैद्यानें लिहिलें आहे कीं बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एकांत बादशहा मुक्कामास असतां दुसरा पुढच्या मुक्कामाकडे रवाना होई. सपाट मैदानांत ही व्यवस्था खरोखर अपूर्व होती. महाल जणूं स्वतःच चालत जात असे.

पण ही चालती राजधानी सह्याद्रींत शिरली तेव्हां काय झालें? १७०२ मध्यें विशाळगड घेऊन बादशहा ऐन पावसाळ्यांत पन्हाळ्याकडे परतला. वाट अवघी तीस मैलांची. तिला महिन्याहून अधिक काळ लागला, आणि ओढ्यांच्या पुरांत व चिखलांत जनावरें व सामान यांची दैना उडाली. १७०३ चा पावसाळा त्यानें पुण्यास काढला. नोव्हेंबरांत निघून राजगडाखालीं पोंचावयास डिसेंबर उजाडला. पुणें आणि राजगड यांमध्यें सरळ रेषेनें सुमारें पस्तीस किलोमीटर अंतर आहे. १७०४ च्या फेब्रुवारींत राजगड पडला, मार्चांत तोरणा पडला. पंचाऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाची चिकाटी थक्क करणारी होती, हें शत्रूनेंहि कबूल करावें. परंतु ज्या डोंगरांतून घोंगडी पांघरलेला मावळा एका रात्रींत जाई, तेथें त्याच्या डेऱ्यांना आधीं रस्ता करून द्यावा लागे. १६८१ मध्यें दक्षिणेंत उतरलेला बादशहा पुन्हां उत्तरेस गेला नाहीं. १७०७ मध्यें अहमदनगरजवळच्या छावणींतच त्याचा अंत झाला.

येथपर्यंतची गोष्ट सोपी आहे, आणि ती अभिमानानें सांगितलीहि जाते. अवघड भाग यापुढचा. अर्ध्या शतकांत मराठ्यांचेंच बिऱ्हाड जड झालें. थोरल्या बाजीरावानें १७२८ मध्यें पालखेडास निजामाला कोंडलें, तें स्वतःची फौज सडी ठेवून आणि निजामाला त्याच्या जड तोफखान्यापासून दूर ओढून. त्याच बाजीरावाचा पुत्र नानासाहेब. नसरापूरच्या झाडींत बनेश्वराचें सुंदर देवालय त्यानेंच १७४९ च्या सुमारास उभारलें. त्याच्या कारकीर्दींत अठरा कारखान्यांपैकीं फरासखाना भरभराटीस आला. पुण्यांत बुधवार पेठेंत तें नांव अजून टिकून आहे. १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ पटदुराहून उत्तरेस निघाला, तेव्हांच्या लष्कराचें ग्रँट डफनें केलेलें वर्णन प्रसिद्ध आहे: रेशमी अस्तरांचे उंच डेरे, आणि त्यांवर सोनेरी कळस. बरोबर कुटुंबें होतीं, यात्रेकरू होते. सूरजमल जाटानें जड सामान व बायकामुलें मागें ठेवून गनिमी काव्यानें लढण्याचा सल्ला दिला, असें बखरी सांगतात. तो मानला गेला नाहीं. नोव्हेंबरापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत तें लष्कर पानिपताच्या खंदकाआड, उत्तरेच्या कडाक्याच्या थंडींत, दाणा, वैरण आणि सर्पण यांवांचून अडकून पडलें. शुजाउद्दौल्याच्या चाकरींत असलेला काशीराज पंडित सांगतो कीं अबदालीनें आपल्या छावणीच्या कोसभर पुढें एक लहानसा तांबडा तंबू ठोकला होता, आणि तो रोज सूर्योदयापूर्वीं तेथें येई.

या चित्रावरून ‘डेऱ्यांनीं पानिपत बुडविलें’ असा निकाल देण्याचा मोह होतो. तो आम्हांस मान्य नाहीं. अबदालीची मुख्य छावणीहि कांहीं लहान नव्हती. पण त्याला अंतर्वेदींतून रसद येत होती, आणि भाऊची तुटली होती. शिवाय एक गोष्ट विसरली जाते. शिवकालीं फौज सडी राहूं शकली, कारण तिच्या मागें राजगडासारखीं घरें होतीं, आणि पावसाळ्यापूर्वीं तेथें परतणें शक्य होतें. दिल्लीच्या स्वारीला वर्ष उलटतें. तेथें वैशाखांत घरीं कोण येणार? ज्याला परतावयाचें नाहीं, त्याला तंबूचेंच घर करावें लागतें, आणि घर केलें म्हणजे संसार आलाच. तेव्हां भाऊची चूक रेशमी अस्तरांत शोधण्यापेक्षां, लांबच्या स्वारीसाठीं वाटेंत भक्कम ठाणीं उभीं न राहिल्यांत शोधावी, हें अधिक न्यायाचें. विलास हा त्या उणिवेवर चढलेला मुलामा होता.

पुढें तर लष्कर हेंच गांव झालें. १८०९ मध्यें दौलतराव शिंद्यांच्या छावणींत असलेल्या ब्रॉटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें लिहिलें आहे कीं बिनीवाला पुढें जाऊन पांढरें निशाण रोवी. तेथें शिंद्यांचा डेरा पडे. मग बाजारांचीं निशाणें लागत आणि दुकानांच्या रांगा ठरल्या जागीं उभ्या राहत. मुक्काम बदलला तरी शेजार बदलत नसे. व्यवस्था म्हणून ती वाखाणण्याजोगीच होती. परंतु राजगडाच्या पायथ्याशीं येऊन बसलेल्या त्या बादशाही नगराचीच ती धाकटी बहीण, हेंहि खरें.

आज त्याच पायथ्याशीं सुट्टीच्या दिवशीं तरुण मंडळी पाठीवर नायलॉनचे घुमटाकार तंबू घेऊन येतात. दुकानांत तंबू निवडतांना तीं वजन पाहतात, पाऊस व वारा यांचा विचार करतात, आणि तें योग्यच आहे. या मुलखाचा इतिहास त्यांत आणखी दोन प्रश्नांची भर घालतो. ओझें स्वतः उचलावयाचें कीं दुसऱ्याच्या पाठीवर द्यावयाचें? आणि काम संपल्यावर परतावयाचें कोठें? ज्यांना या दोहोंचें उत्तर ठाऊक होतें त्यांना घोंगडी पुरली. ज्यांना तें नव्हतें त्यांना शंभर हत्तीहि पुरले नाहींत.