चाच्यांमधील लोकशाही

अठराव्या शतकाच्या आरंभी अनेक युरोपीय चाचे जहाजाचा कप्तान मतदानाने निवडत व लुटीची वाटणी लेखी करारानुसार करत. लढाईखेरीज कप्तानास एकाधिकार नसे. ही समता मात्र टोळीपुरतीच होती. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीच्या टोळीने सुरतेकडे परतणारे मोगल जहाज गंज-इ-सवाई लुटले. लूट आपसांत वाटून घेतली, पण प्रवाशांचा छळ केला व स्त्रियांवर अत्याचार केले.

इंग्रज कान्होजी आंग्रे (मृत्यू: १७२९) यांनाही चाचा म्हणत. वस्तुतः ते मराठा आरमाराचे सरखेल होते, त्यामुळे निवडणुकीचा प्रश्नच नव्हता. दस्तक न घेणारी जहाजे ते पकडत. १७१२ मध्ये कारवारहून मुंबईस निघालेल्या इंग्रजी जहाजावर पकडलेल्या कॅथरिन चाऊन यांना १७१३ मध्ये खंडणी घेऊन सोडण्यात आले.