कलम 11 : एका वाक्याची कुळकथा

युरोपीय महासंघाच्या कामकाजाविषयीच्या करारात अकरावं कलम एकाच वाक्याचं आहे. महासंघाची धोरणं ठरवताना आणि राबवताना पर्यावरणरक्षणाच्या गरजा त्यांत सामावून घेतल्याच पाहिजेत, विशेषतः शाश्वत विकासासाठी, एवढंच ते सांगतं. शेती असो, रस्ते असोत की सरकारी तूट, कुणालाच त्यातून सूट नाही. वाचायला सरळ असलेल्या या वाक्याला या जागी यायला 52 वर्षं लागली, आणि तिथून अर्थमंत्र्यांच्या टेबलापर्यंत पोचायला आणखी दहा.

1957 च्या मार्चमध्ये रोमला सहा देशांनी आजच्या महासंघाचं पूर्वरूप असलेल्या आर्थिक समुदायाच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा त्यात ‘पर्यावरण’ हा शब्दच नव्हता. आर्थिक व्यवहारांचा अखंड आणि समतोल विस्तार हे उद्दिष्ट होतं. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशांना विस्तार हवा होता, यात नवल नाही. त्यामुळे पर्यावरणाचे सुरुवातीचे नियम बाजाराच्या दारानं आत आले. 1967 मध्ये घातक रसायनांच्या डब्यांवर काय छापायचं याचा निर्देश निघाला, 1970 मध्ये मोटारींच्या आवाजाचा आणि धुराचा. कायद्याचा आधार दोन्हींना एकच : देशोदेशीचे नियम वेगळे असतील तर माल सीमेवर अडतो.

1972 च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची परिषद भरली. इंदिरा गांधींच्या तिथल्या भाषणामुळे आपल्याला ती आठवते. चारच महिन्यांनी पॅरिसमध्ये नऊ देशांचे प्रमुख जमले आणि आर्थिक विस्तार हे काही स्वतःच साध्य नव्हे, असं त्यांनी जाहीर केलं. 1973 च्या नोव्हेंबरमध्ये समुदायाचा पहिला पर्यावरण कृती कार्यक्रम आला. आपल्या वाक्याचं बीज इथलं. पण करारात आधार नसलेलं बीज म्हणजे नुसती इच्छा.

आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी, वापरलेल्या इंजिन ऑइलच्या खटल्यात. गाडीतून काढलेलं काळं तेल कुठेही ओतलं जाऊ नये म्हणून 1975 मध्ये एक निर्देश निघाला होता. त्यानुसार फ्रान्सनं असं तेल गोळा करण्याचे आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे परवाने ठरावीक मंडळींना दिले. असं तेल जाळून ऊर्जा मिळवणाऱ्यांच्या संघटनेनं हरकत घेतली : हा तर व्यापाराच्या स्वातंत्र्यावर घाला आहे! प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. 7 फेब्रुवारी 1985 ला निकाल लागला. व्यापाराचं स्वातंत्र्य अमर्याद नाही आणि पर्यावरणाचं रक्षण हे समुदायाच्या अत्यावश्यक उद्दिष्टांपैकी एक आहे, असं न्यायालयानं म्हटलं. करारात शब्दही नसताना! या सगळ्या इतिहासातला हा मला सर्वांत धीट क्षण वाटतो.

मग करारही बदलला. 1987 मध्ये लागू झालेल्या एकल युरोपीय कायद्यात पर्यावरणाचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि आपलं वाक्य पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत उमटलं. पर्यावरणरक्षणाच्या गरजा हा इतर धोरणांचा एक घटक असेल, अशी त्याची रचना होती. ‘घटक असेल’ हे क्रियापद नीट पाहावं. मीठ हाही स्वयंपाकाचा घटकच, पण ते किती घालायचं हे घालणाऱ्याच्या हातात. 1993 मध्ये लागू झालेल्या मास्ट्रिख्ट करारात भाषा आवळली गेली : धोरण आखताना आणि अमलात आणताना या गरजा सामावून घेतल्याच पाहिजेत. वाक्याची जागा मात्र पर्यावरणाच्या प्रकरणातच राहिली. वाहतूक खात्याचा माणूस ते प्रकरण कशाला उघडेल? 1995 मध्ये स्वीडन, फिनलंड आणि ऑस्ट्रिया महासंघात आले आणि त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. 1997 च्या ॲमस्टरडॅम करारानं वाक्य उचलून अगदी पुढे, तत्त्वांच्या भागात, सहाव्या कलमात आणून ठेवलं. 1 डिसेंबर 2009 ला लिस्बन करार लागू झाल्यावर तेच अकरावं कलम झालं. आता त्याच्या शेजारी स्त्रीपुरुष समानता, ग्राहकहित आणि प्राण्यांचं कल्याण यांचीही तशीच कलमं आहेत.

कागदावरची वाटचाल अशी चढती होती. व्यवहारातली नव्हती, आणि ती कहाणी सांगितल्याशिवाय हे कुळ कळत नाही.

1998 च्या जूनमध्ये कार्डिफला शिखर परिषद झाली. प्रत्येक खात्याच्या मंत्रिपरिषदेनं पर्यावरणाचा समावेश आपण कसा करणार याची रणनीती लिहून आणावी, असं तिथे ठरलं. पहिल्या फळीत वाहतूक, ऊर्जा आणि शेती होती, पुढे विकाससाहाय्य, अंतर्गत बाजारपेठ आणि उद्योग, शेवटी परराष्ट्र, अर्थ आणि मासेमारी. नऊ परिषदा कामाला लागल्या आणि कागद जमले. त्याच शिखर परिषदेत आर्थिक सुधारणांचीही एक प्रक्रिया सुरू झाली, तिलाही कार्डिफचंच नाव मिळालं. एका घरात एकाच दिवशी दोन पाळणे हलले. आर्थिक पाळण्याजवळ अर्थमंत्री आणि दरवर्षीची मार्गदर्शक तत्त्वं होती. पर्यावरणाच्या पाळण्याजवळ सदिच्छा होत्या. 2004 मध्ये महासंघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगानं आढावा घेतला, तेव्हा फलित अपेक्षेपेक्षा बरंच कमी असल्याचं त्याला मान्य करावं लागलं.

दरम्यान 2000 च्या मार्चमध्ये लिस्बनला दहा वर्षांचा मोठा आर्थिक संकल्प सोडला गेला : ज्ञानावर आधारलेली जगातली सर्वांत स्पर्धाक्षम अर्थव्यवस्था व्हायचं. त्यात पर्यावरण नव्हतं. पुढच्या वर्षी स्वीडननं गोथेनबर्गच्या परिषदेत ते जोडून घेतलं, पण ही जोडणी टिकली नाही. 2005 मध्ये वाढ मंदावली, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष बारोसो यांनी संसदेत एक दाखला दिला. अर्थव्यवस्था, सामाजिक न्याय आणि पर्यावरण ही आपली तीन मुलं, त्यांतलं एक आजारी पडलं तर बाप सगळं सोडून त्याच्यापाशी बसतो, म्हणून बाकीच्यांवर त्याचं प्रेम कमी होत नाही. दाखला हृदयाला भिडणारा आहे, पण मला तो चुकीचा वाटतो. नदी, हवा आणि माती ही अर्थव्यवस्थेची भावंडं नाहीत. अर्थव्यवस्था ज्या घरात राहते, ते घर म्हणजे ही तिन्ही. छप्पर गळत असताना आजारी मुलाच्या उशाशी किती वेळ बसणार?

ग्रीसच्या कर्जसंकटानंतर 2011 पासून ‘युरोपियन सेमिस्टर’ सुरू झालं. देशांचे अर्थसंकल्प आणि सुधारणा एकत्र तपासण्याचं हे वार्षिक वेळापत्रक आहे. सुरुवातीच्या वर्षांत शरद ऋतूत आयोग वाढीचा वार्षिक आढावा मांडायचा, वसंतात देश आपले कार्यक्रम पाठवायचे आणि उन्हाळ्यात प्रत्येक देशाला शिफारशी मिळायच्या. पर्यावरण इथे शिरलं ते करांच्या वाटेनं. बेल्जियममध्ये नोकरदारांना कंपनीची गाडी देणं ही पगाराचीच एक रीत, कारण गाडीवर कर हलका आणि पगारावर जड. 2013 मध्ये बेल्जियमला शिफारस मिळाली : श्रमावरचा भार हलका करा, आणि त्यासाठी डिझेल, घर तापवायचं इंधन, कंपनीच्या गाडीचा खासगी वापर यांवरच्या कराचा विचार करा. शिफारस नेमकी होती, पण ती डावलली तर बेल्जियमचं काही बिघडणार नव्हतं. 2015 पासून शिफारशींची यादी आखूड झाली आणि पर्यावरण पुन्हा कडेला गेलं.

2019 च्या डिसेंबरमध्ये चित्र पालटलं. 11 तारखेला ‘युरोपियन ग्रीन डील’ जाहीर झालं. सहाच दिवसांनी आलेल्या वाढीच्या वार्षिक दस्तऐवजाच्या नावात ‘शाश्वत’ हा शब्द आला, आणि त्यातल्या चार सूत्रांत पर्यावरण पहिलं होतं. एरवी नावातला एक शब्द फार काही करत नाही. पण लगेच करोना आला आणि त्याच्या मागोमाग पैसा.

2021 च्या फेब्रुवारीत 723.8 अब्ज युरोपर्यंतचा पुनरुत्थान निधी मंजूर झाला. प्रत्येक देशाच्या योजनेतली किमान 37 टक्के रक्कम हवामानाच्या कामासाठी हवी, अशी अट त्याला होती. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते : योजनेतल्या कुठल्याच कामानं पर्यावरणाची लक्षणीय हानी करायची नाही. त्यासाठी रस्ता असो, रुग्णालय असो की कायद्यातली सुधारणा, प्रत्येक बाबीला सहा प्रश्न विचारले गेले. हवामान आणखी बिघडेल का? बदललेल्या हवामानाला तोंड देता येईल का? पाण्याचं काय? कचऱ्याचं आणि वस्तूंच्या पुनर्वापराचं काय? प्रदूषण? जैवविविधता? उत्तरं पटली नाहीत तर ते काम योजनेत बसत नव्हतं, आणि टप्पे पूर्ण केल्याशिवाय हप्ता सुटत नव्हता. 1987 चं मिठासारखं ‘घटक असेल’ इथे मोजून घातलं गेलं.

मोजमाप निर्दोष नव्हतं. 2024 मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी दाखवलं की, हवामानासाठी म्हणून दाखवलेल्या सुमारे 275 अब्ज युरोंपैकी निदान 34.5 अब्जांचा दावा फुगवलेला असू शकतो. तरीही मोजलं म्हणून चूक सापडली. कार्डिफच्या कागदांत चूक काढायलाही आकडा नव्हता.

हा निधी तात्पुरता आहे. कामांचे टप्पे गाठायची मुदत 31 ऑगस्ट 2026 ठरवली गेली. पुढे काय, याचा प्रस्ताव आयोगानं 2025 च्या जुलैमध्ये 2028 ते 2034 च्या अर्थसंकल्पात मांडला. खर्चाचा 35 टक्के भाग हवामान आणि पर्यावरणासाठी धरावा, असं त्यात आहे. पण 1992 पासून फक्त पर्यावरणासाठी चाललेली ‘लाइफ’ ही स्वतंत्र योजना त्यात उरलेली नाही. ती इतर निधींत सामावून घेतली आहे.