रोडपालीत परदेशी पाहुणा उतरलाय? ‘फॉर्म ३’ भरला का?

मुंबईतली हॉटेलं महाग वाटणाऱ्या परदेशी प्रवाशाला रोडपालीत मित्राचं घर किंवा भाड्याची खोली स्वस्त पडते. हार्बर लोकलने मानसरोवर आणि पुढे रिक्षा, असा प्रवासही कमी खर्चाचा. पण घरात बॅग ठेवली की एक सरकारी नोंद करावी लागते.

फॉर्म ३ (आधीचा फॉर्म सी) म्हणजे काय?
परदेशी नागरिक मुक्कामाला आल्याची माहिती देणारा अर्ज. पाहुणा आल्यापासून २४ तासांत तो भरायचा असतो. २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानंतरही हे बंधन कायम आहे.

कोणी भरायचा?
प्रवाशाने नाही, यजमानाने. हॉटेल-लॉजप्रमाणेच घरी पाहुणा ठेवणाऱ्यालाही हा नियम लागू आहे. भाडं घेतलं नाही तरी सूट नाही.

कसा भरायचा?
परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर, ऑनलाइन. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि मुक्कामाचा पत्ता लागतो.

नाही भरला तर?
यजमानावर कारवाई होऊ शकते. प्रवाशाचंही काम अडतं, कारण व्हिसाची मुदत वाढवताना राहण्याचा पुरावा म्हणून हाच फॉर्म मागितला जातो. म्हणून पाहुण्याने पहिल्याच दिवशी कागदपत्रं द्यावीत आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्यावी.