विमानाचा डोळा



आमच्या भिवंडीवरून मुंबईकडे वळणारीं विमानें पाहण्यांत आतां मुलांसहि नवल वाटत नाहीं. परंतु आंत बसलेल्या प्रवाशास बाहेरचें काय दिसतें, या प्रश्नासहि एक इतिहास आहे.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें. त्या लहानशा 'पस मॉथ' विमानांत समोरचें सर्व आकाश एकट्या वैमानिकाचें होतें. ता. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें. त्यांतील प्रवाशांच्या वाट्यास मात्र आगगाडीप्रमाणें बाजूची खिडकीच आली.

पुढें अमेरिकेंतील डीसी-१० जातीच्या कांहीं विमानांत वैमानिकाच्या कक्षांत कॅमेरा बसला, आणि उड्डाणाचें दृश्य प्रवाशांपुढील पडद्यावर येऊं लागलें. ता. २५ मे १९७९ रोजीं शिकागो येथें अशी सोय असलेल्या एका विमानाचें डावें एंजिन उड्डाणाच्या क्षणींच निखळलें. सुमारें अर्ध्या मिनिटांत तें कोसळून आंतील २७१ व जमिनीवरील २ माणसें प्राणास मुकलीं. संकट समोर उभें असतां तें प्रवाशास दाखवावें काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत यावा.

याची दुसरी बाजू ता. ४ नोव्हेंबर २०१० रोजीं दिसली. सिंगापूरहून सिडनीस निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानाचें एक एंजिन फुटलें. शेपटीवरील कॅमेऱ्याचें चित्र प्रवाशांसमोर होतें. सुमारें दोन तासांनीं विमान सिंगापुरास परत उतरलें आणि ४६९ जणांपैकीं सर्व सुखरूप राहिले. वैमानिक रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनीं नंतर प्रवाशांस एकत्र करून घडलेली हकीकत स्वतः समजावून दिली.

मला या प्रसंगाचें महत्त्व येथेंच वाटतें. अर्थ न कळतां पाहिलेलें दृश्य भय वाढवितें. जाणत्यानें उलगडून सांगितलें म्हणजे तेंच धीर देतें. ता. २२ जानेवारी २०२४ पासून एअर इंडियाचीं ए-३५० विमानें आपल्या देशांत उडूं लागलीं, व बाहेरचें दृश्य आसनापुढील पडद्यावर पाहण्याची सोय आपल्या लोकांसहि मिळाली. ती सोय असावीच. मात्र पडद्यावर पंखाचीं फळकुटें हलूं लागलीं, तर तीं कां हलतात हें सांगणारा आवाजहि प्रवाशास ऐकूं यावा.