शिवेचे साक्षी

जुन्या दप्तरांत शिवेच्या तंट्याचे कागद निघाले म्हणजे संग्राहक ते क्षुल्लक समजून बाजूस सारतात. त्यांची सर्व ओढ सनदांकडे व वंशावळींकडे. जमीन कोणाची हें सनद सांगते. ती कोठपर्यंत, हें मात्र त्या जमिनीवरून चालणाराच सांगूं शकतो. याच मुद्द्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

वाघाचें उदाहरण घेऊं. झाडाच्या बुंध्यावर मूत्र फवारून, साल ओरबाडून व जमीन उकरून तो आपला मुलूख राखतो. पण वास विरतो. म्हणून त्याच वाटा त्यास पुनःपुन्हां तुडवाव्या लागतात. त्याचा फेरा थांबला कीं शेजारचा वाघ आंत शिरतो.

मनुष्यानें टिकाऊ खुणा योजिल्या. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर इत्यादि झाडें लावण्यास सांगितलें असून, शिवाय दगड, हाडें, भुसा, राख, खापऱ्या, कोळसे व वाळू जमिनींत पुरून ठेवण्याचीही आज्ञा आहे. इतकेंही करून संशय उरल्यास साक्षीदारांनीं डोक्यावर माती घेऊन, तांबडीं वस्त्रें व माळा धारण करून, शपथपूर्वक निर्णय द्यावा. शेजारचे किंवा मूळचे रहिवासी न मिळाल्यास व्याध, पारधी, गुराखी, मासे मारणारे, कंदमुळें खणणारे व गारुडी यांस विचारावें, असें स्मृतिकार म्हणतो. शास्त्र जाणणारा तेथें निरुपयोगी. रान तुडविणाराच प्रमाण.

महाराष्ट्रांतही शिवेच्या वादांत महाराची साक्ष विशेष प्रमाण मानीत. ज्यास गांवकुसाबाहेर ठेविलें, त्याच्याच शब्दावर गांवाची हद्द ठरे, ही गोष्ट आमच्या इतिहासकारांनीं विसरूं नये.

कोंकणांतील शिलाहारकालीन गद्धेगाळ पाहा. शिरोभागीं चंद्रसूर्य, तळाशीं गाढव व स्त्री. दिलेल्या जमिनीचें हरण करणारास तो शाप आहे. चंद्रसूर्य असेतोंवर दान चालावें ही दात्याची इच्छा. पण दगड मूळ जागेवरून हलला कीं शाप शिल्लक राहतो आणि जमीन हरवते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, असा दगड दिसल्यास प्रथम त्याची जागा टिपून घ्यावी, व शिवेचा महजर हातीं आल्यास त्यांतील साक्षीदारांचीं नांवें अवश्य उतरून ठेवावीं. त्यांपैकीं पुष्कळांचा दुसरा उल्लेख कोणत्याही कागदांत सांपडणार नाहीं.