डिझेल गाडी आणि चार प्रश्न : बनारसच्या थंडीतली नोंद

घर हलवायचं असो की लग्नाचं सामान आणायचं असो, आपण म्हणतो, "एक टेम्पो सांग." हा शब्द मराठी नाही, आणि मुळात तो गाडीचा प्रकारही नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या 'विडाल अँड झोन' या कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी बजाज घराण्याबरोबर आणि या जर्मन कंपनीच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' उभी केली. आधी तीनचाकी हॅन्सिट आली, मग आकुर्डीची मॅटाडोर. १९८०च्या दशकात डायमलर-बेंझचं २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं ओएम ६१६ इंजिन परवान्याखाली इथे बनू लागलं. ते ट्रॅक्समध्ये बसलं, आणि इंदूरजवळच्या पीथमपूरला तयार होणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्येही. जर्मनीत हे इंजिन मर्सिडीजच्या टॅक्स्या ओढत होतं. आपल्याकडे त्याने वऱ्हाडी, वारकरी आणि काशीयात्रेकरू ओढले.

वाराणसीच्या पोस्टिंगमध्ये महाराष्ट्राच्या पाटीची ट्रॅव्हलर दिसली नाही असा आठवडा जात नसे. जानेवारीत इथे धुकं दुपारपर्यंत हटत नाही आणि पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो. अशाच एका सकाळी कॅन्टोन्मेंटजवळच्या धर्मशाळेच्या आवारात सांगोल्याकडची एक जुनी ट्रॅव्हलर अडली. चौदा माणसं, त्यांत दोन आजी. वडिलांच्या पिंडदानासाठी गयेला जायचं होतं. गुरुजींची वेळ ठरलेली आणि रस्ता अडीचशे किलोमीटरचा. एक मेकॅनिक येऊन पाहून गेला होता. पंप उतरवावा लागेल, दोन दिवस लागतील, असं त्याचं म्हणणं. ड्रायव्हर मिनिटा-मिनिटाला सेल्फ मारत होता. "काल रातच्याला गाडी झक्कास हुती साहेब, कशी काय बसली कळंना."

माझ्याबरोबर आमच्या युनिटचे ईएमईचे हवालदार होते, गाव साताऱ्याकडचं. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी एकच सांगितलं, "दादा, आधी चावीवरनं हात काढा. बॅटरी राहिली तर गाडी राहील."

ही शिस्त जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्करात मोटारींची संख्या एकदम वाढली, आणि त्या चालत्या ठेवायला १९४३ साली ही कोअर उभी राहिली. १५ ऑक्टोबरचा कोअर डे आजही साजरा होतो. फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड हे शब्द निवृत्त मंडळींना सांगायला नकोत. गाडी बंद पडण्याआधी बघायची आणि बंद पडली तर ठरलेल्या क्रमाने बघायची, एवढाच त्यांचा अर्थ. डिझेलच्या बाबतीत हा क्रम कुणी मनाने ठरवलेला नाही. इंजिन ज्या अडचणी सोडवत घडलं, त्या अडचणींतूनच तो आला आहे.

पहिला प्रश्न : इंजिन नीट फिरतंय का? डिझेलमध्ये ठिणगी नसते. नुसती हवा दाबून एवढी तापवायची की आत आलेलं डिझेल आपोआप पेटावं, ही रुडॉल्फ डिझेलची कल्पना. त्याचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला चाचणीत यशस्वी ठरलं. ओएम ६१६ हवेला सुमारे एकविसावा हिस्सा होईपर्यंत दाबतं. एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायला ताकद लागते, आणि हळू फिरलं तर हवेतली उष्णता सिलिंडरच्या गार भिंतींतच निघून जाते. म्हणून 'फिरतंय' एवढं पुरत नाही, जोरात फिरलं पाहिजे. थंडीत बॅटरी कमजोर होते आणि ऑइल घट्ट होतं, तेव्हा हा प्रश्न सगळ्यांत आधी. हवालदारांनी टर्मिनलं खरवडून साफ केली, अर्थिंगची वायर आवळली आणि दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली. इंजिन आता खणखणीत फिरू लागलं, पण पेटेना.

याच शहरात हा प्रश्न फार मोठ्या मापावर विचारला गेला आहे. मंडुवाडीहच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यातून, म्हणजे डीएलडब्ल्यूमधून, जानेवारी १९६४ मध्ये पहिलं इंजिन बाहेर पडलं. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या सहकार्याने बनलेलं ते डब्ल्यूडीएम-२, १६ सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती. ते सुरू करताना त्याच्या मुख्य जनरेटरलाच काही क्षण मोटर बनवून बॅटरीवर इंजिन फिरवत. रेल्वेचे ड्रायव्हर बिघाड शोधण्याची एक पुस्तिका जवळ बाळगतात. त्यातही इंजिन फिरतच नाही हा एक बिघाड, आणि फिरतं पण पेटत नाही हा वेगळा. दोन्हींची कारणं निराळी आणि उपायही निराळे.

दुसरा प्रश्न : सायलेन्सरमधून धूर येतोय का? इंजिन फिरत असताना पांढरा धूर आला, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. सांगोल्याच्या गाडीला धूर अजिबात नव्हता. हवालदारांनी आधी स्टॉपची केबल अर्धवट ओढलेली राहिली नाही ना ते पाहिलं. मग टाकीतलं डिझेल, मग फिल्टर.

या प्रश्नाचा इतिहास बघा. डिझेलच्या पहिल्या इंजिनात इंधन आत ढकलायला वेगळा एअर कॉम्प्रेसर लागायचा. त्या लोढण्यामुळे इंजिन जहाजांत आणि वीजघरांत चाललं, रस्त्यावर आणणं अवघड गेलं. बॉशने १९२७ साली लहान आणि नेमका इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि डिझेल ट्रकची वाट मोकळी झाली. आपल्याकडे १९५१ साली मायको कंपनी निघाली. बंगळूरुला आणि पुढे नाशिकलाही तिचे कारखाने झाले. जुन्या डिझेल गाड्यांच्या पंपावर किंवा नोजलवर मायकोचं नाव हमखास सापडतं. हा पंप द्रव दाबतो, हवा नाही. पाइपात बुडबुडा शिरला की पंप बुडबुडाच दाबत बसतो आणि नोजल उघडत नाही. मेकॅनिक म्हणतात, "गाडीनं एअर घेतली."

गाडी रात्रभर चढावर नाक वर करून उभी होती, आणि टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपजवळ तडकलेला होता. तिथून हवा शिरली आणि पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरलं. हवालदारांनी तडकलेलं टोक कापून पाइप पुन्हा बसवला. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपावरचा हातपंप मारत राहिले. आधी फेस आला, मग फुटके बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. स्क्रू आवळला. पंप उतरवायची गरज नव्हती.

तिसरा प्रश्न : आत पुरेशी ऊब आहे का? १९०९ साली बेंझ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांज याने डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटवायची युक्ती काढली. त्यामुळे इंजिन मऊ चालतं, पण गार असताना ती कोठडीच उष्णता गिळते. म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग आला. मर्सिडीजच्या जुन्या रचनेत हे प्लग एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असत. एक जळाला की सगळे बंद. नंतरच्या रचनेत प्रत्येकाला स्वतंत्र वीज मिळते. एक गेला तरी बाकीचे तापतात. हवालदारांनी टेस्ट लॅम्प लावून चारही प्लग तपासले. तीन चांगले, एक मेलेला. तीन प्लगांवर गाडी थरथरत, पांढरा धूर टाकत सुरू झाली आणि दोनेक मिनिटांत सरळ चालू लागली. मेलेला प्लग वाटेत बदलून घ्या, असं ड्रायव्हरला बजावलं. आजींनी हवालदारांच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला आणि गाडी गयेच्या रस्त्याला लागली.

इथे एक इशारा. हीटर प्लग असलेल्या इंजिनात 'स्टार्टिंग स्प्रे' मारू नका, आणि हवेच्या तोंडाशी पेटता बोळाही धरू नका. लालभडक प्लगवर स्प्रेची वाफ वेळेआधी भडकते. पिस्टन फुटू शकतो, आग लागू शकते.

चौथा प्रश्न शेवटचा, कारण तो सगळ्यांत महाग : कॉम्प्रेशन उरलंय का? रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नसले, तर हवा दाबताना निसटते आणि तापतच नाही. अशी गाडी एका सकाळीत बसत नाही. ती कित्येक महिने आधीपासून थंडीत त्रास देते आणि गरम झाल्यावर बरी चालते. काल रात्री झक्कास असलेल्या गाडीत हे कारण शोधत इंजिन खोलणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात.

बनारसचा कारखाना आता विजेची इंजिनं बनवतो. तिथे जुन्या डिझेल इंजिनांचं विजेच्या इंजिनात रूपांतरही झालं, आणि २०२० मध्ये त्याचं नाव बदलून बनारस रेल इंजिन कारखाना झालं. त्याच वर्षी एप्रिलपासून बीएस-६ नियम लागू झाले. नव्या डिझेल गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय मेकॅनिक बोलत नाही. हातपंप मारून एअर काढणारे हात कमी होत चालले आहेत. पण जुन्या ट्रॅव्हलर, ट्रॅक्स आणि गावोगावचे ट्रॅक्टर अजून आहेत, आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसंही आहेत.

ईएमईतून किंवा एमटीतून निवृत्त झालेल्या वाचकांना म्हणून एक विनंती. गावातल्या एखाद्या पोराला शेजारी उभं करून हा क्रम शिकवा : आधी बॅटरी, मग धूर, मग ऊब, आणि सगळ्यांत शेवटी इंजिन. पाना त्याच्या हातात द्या, आपण नुसतं बघा.

जय हिंद.